उजव्या गुडघ्याची माती

धुण्याच्या ढिगातून तोकुजीची पँट मला कधी शोधावी लागली नाही. उजवा गुडघा काळाकुट्ट असेल ती त्याची. बाकीच्या पोरांच्या पँटी बुडाशी मळायच्या, पोटऱ्यांवर मळायच्या. ह्याची एकाच जागी, वाटीएवढी, आणि ती माती अशी आत शिरलेली असे की साबण लावून कितीही घासली तरी कड राहायचीच. तेव्हा गणवेश जाड लोकरी कापडाचे असत. उन्हाळ्यात पोरं त्यात उकडून निघत, आणि भिजले की ते कपडे ओल्या घोंगडीसारखे जड होत. महिना-दीड महिन्यात त्याच्या गुडघ्याची झिजून जाळी व्हायची. मग मी तिथे दुहेरी कापड लावून द्यायची. माझ्या शिवणाच्या डब्यात त्या कापडाची वेगळी गुंडाळीच होती.

मी त्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले ते महायुद्धानंतर. नवरा बोटीवर गेला तो आला नाही, सासरचं घर बॉम्बमध्ये जळलं, आणि चार माणसांचा भात न करपवता शिजवणं एवढीच माझ्याकडे विद्या होती. आमच्या गावच्या रेल्वे कंपनीने बेसबॉलचा संघ काढला होता. हायाबुसा, म्हणजे ससाणे. नव्याने घेतलेली, लग्न न झालेली पोरं डोंगरउतारावरच्या वसतिगृहात राहायची. खाली समुद्र, मागे सरावाचं मैदान. पोरं मला मावशी म्हणत. चार माणसांचा भात तीस माणसांचा झाला, एवढाच फरक.

तोकुजी आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. निशिगाकी तोकुजी. समोरच्या बेटावरचा, मिठागरात काम करणाऱ्यांच्या घरातला. हात गुडघ्यापर्यंत लांब आणि मान बगळ्यासारखी. दारात उभा राहून त्याने वाकून नमस्कार केला आणि कापडात बांधलेलं गाठोडं पुढे केलं.

"आईने दिलंय. आमचं मीठ आहे."

"पिचर म्हणून आलायस? चेंडू टाकायला?" मी विचारलं.

"हो."

"जेवतोस का नीट? ह्या अंगाने चेंडू तिथवर पोचेल का?"

"पोचतो," तो म्हणाला. "थोडा खालून जातो, पण पोचतो."

म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. चहाची किटली घेऊन मी मैदानावर गेले होते. मातीच्या उंचवट्यावर तो एकटा उभा. त्याने पाय उचलला आणि मग तो खाली जायला लागला. विहिरीत वाकून बघावं तसा. पुढे, अजून पुढे, इतका की मला वाटलं आता हा तोंडावर पडतो. उजवा गुडघा मातीला घासला, हात मागून जमिनीलगत फिरून आला, बोटांची पेरं मातीत ओढली गेली, आणि गवतातून चिमणी उडावी तसा चेंडू उठला. सगळे चेंडू जाताना खाली झुकतात. हा वर चढत गेला. समोरच्या फलंदाजाने पोटाशी बॅट फिरवली तेव्हा चेंडू त्याच्या छातीवरून निघून मागे चेंडू झेलायला टेकलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला होता.

किटली माझ्या हातात कधी कलली, कळलं नाही. पायावर गरम चहा पडला तेव्हा मी ओरडले. सगळं मैदान हसलं. तोकुजी धावत आला आणि घाबरून म्हणाला, "लागला का चेंडू?"

मी आता नव्वदीच्या पुढे आहे. पुष्कळ पाहिलं. पण तसं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. देवळात उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो ना, तसं मला त्याच्या प्रत्येक चेंडूला व्हायचं.

वर्तमानपत्रांनी लिहिलं की मिठागरात लांब दांड्याच्या ओगराळ्याने वाळूवर पाणी फेकून फेकून ह्याची कंबर अशी तयार झाली. छान फोटो छापला, मागे मिठाचे ढीग. तोकुजी तो पेपर बघून लाजेने लाल झाला.

"खोटं आहे का?" मी विचारलं.

"मिठागरात मी झोपा काढायचो, मावशी. काम आई करायची. शाळेत खांदा दुखायला लागला, वरून टाकता येईना, म्हणून खालून टाकून बघितलं. एवढंच."

"मग सांग की त्यांना."

"आईने दहा प्रती विकत घेतल्यात. आता काय सांगू?"

पुढची पाच वर्षं त्याची होती. दुसऱ्या संघातले धिप्पाड गडी, ज्यांच्या नावाने स्टेडियम भरायचं, ते त्याच्यासमोर येऊन हवा कापून परत जायचे. बाकावर बसून एकमेकांना विचारायचे, 'कुठून आला रे?' आमचा तेव्हाचा व्यवस्थापक उतावळा माणूस. तोकुजीला काल टाकायला लावलं म्हणून आज विश्रांती द्यावी, हे त्याच्या गावी नव्हतं. एका रविवारी दोन सामने असले तर दोन्हींत तोच उभा. तेव्हा असंच चालायचं, आणि तोकुजीही नाही म्हणायचा नाही. संध्याकाळी जेवायला बसला की त्याला वाटी उजव्या हातात धरवत नसे, पेरं सोललेली असत. मी त्याचं सूप निववून द्यायची.

मग एका उन्हाळ्यात ढिगातून पँट उचलली तर डाग लहान झालेला. वाटीएवढा होता तो नाण्याएवढा. पुढच्या आठवड्यात नुसती धूळ. त्याने माझ्या हातातली पँट पाहिली.

"साबण बदललात का?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "चांगला निघतो आता मळ."

दोघांनाही ठाऊक होतं. फलंदाजांना तर आमच्याही आधी कळलं होतं. गुडघा खाली जाईना, तसा चेंडू वर चढेना, आणि जो चेंडू वर चढत नाही तो कुणीही मारतो.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला कचेरीत बोलावलं आणि पुढच्या हंगामाला तू नाहीस असं सांगितलं. निरोपाचा सामना नाही, फुलं नाहीत. मात्र तिथेच दुसरं काम देऊ केलं. सरावाचा पिचर. रोज सकाळी आपल्याच फलंदाजांना चेंडू टाकायचे, सरळ, वरून, त्यांना मारता येतील असे. चेंडू परत अंगावर येऊ नये म्हणून पुढे जाळीची चौकट. त्या चौकटीमागे उभं राहून शेकडो चेंडू टाकायचे आणि सगळे मारू द्यायचे. ज्याने उमेदीची सगळी वर्षं चेंडू कुणाच्या बॅटला लागू नये म्हणून घालवली, त्याच्या वाट्याला हे.

मला वाटलं तो बेटावर परत जाईल. तो म्हणाला, "मावशी, दुसरं मला काही येत नाही."

गंमत म्हणजे हेही त्याला येत नव्हतं. वरून टाकायची सवय कधीच मोडलेली. चेंडू कधी जमिनीवर आपटे, कधी जाळीवरून जाई, एकदा फलंदाजाच्या पाठीत बसला. काल आलेली पोरं हसायची.

"निशिगाकी-सान, आम्हाला बाद करू नका हो! आम्ही तुमचेच!"

तो टोपी काढून माफी मागायचा आणि पुढचा चेंडू उचलायचा. मला ते बघवत नसे. त्या वसंतात तो रोज स्वयंपाकघरात येऊन बसे, मटार सोलून देई. एकदा म्हणाला, "ह्याला मऊ भात, त्याला मोकळा, ह्याला लोणचं नको, त्याला सूप खारट. हे तुमच्या लक्षात कसं राहतं?"

"लक्षात कुठलं राहतंय. खाताना तोंडाकडे बघते."

तो मटार सोलायचा थांबला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कॅचरच्या हातमोज्याकडे बघणं सोडलं आणि फलंदाजाच्या तोंडाकडे बघायला लागला. उन्हाळा येईपर्यंत हात वळला. आणि मग हळूहळू जे झालं, त्याबद्दल कुठल्या वर्तमानपत्राने लिहिलं नाही, पण मी पाहिलंय. समोर उभ्या असलेल्या माणसाला आज चेंडू कुठे हवाय, हे त्या माणसाला कळायच्या आधी तोकुजीला कळायचं. काल हरून आलेल्याला तो पहिले काही चेंडू असे द्यायचा की आंधळ्यानेही मारावेत, आणि पोराचे खांदे सैल झाले की मग अवघड. कुणी मान दुखावून आलाय, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं त्याच्या चेंडूत उतरायचं. संध्याकाळी सामन्यात चेंडू मैदानाबाहेर घालवून, होमरन मारून, पोरं हात उंचावत धावायची, लोक त्यांची नावं घेऊन ओरडायचे, आणि हा तोवर घरी जाऊन खांद्यावर गरम पाण्याचा टॉवेल ठेवून बसलेला असे.

लग्न केलं त्याने, उताराखाली घर घेतलं, पण नाश्त्याला वसतिगृहात यायचा. आणि एक गोष्ट त्याने त्या सगळ्या वर्षांत केली नाही. समोरच्या संघात कुणी खालून टाकणारा असला की प्रशिक्षक म्हणे, निशिगाकी, आज खालून टाकून दाखव. हा कमरेतून थोडा वाकून, कुशीतून टाकल्यासारखा टाकायचा. गुडघा कधी मातीला लावला नाही.

"पूर्वीसारखा टाक की," मी एकदा म्हणाले.

"तो मारू द्यायचा चेंडू नाही," तो म्हणाला. माझं दुहेरी कापड डब्यात तसंच पडून राहिलं. नंतर गणवेशाचं कापडही बदललं. चकचकीत आणि ताणणारं आलं, धुवायला सोपं.

आमच्या संघात कुवातानी म्हणून मोठा पिचर होऊन गेला. त्याचा निरोपाचा सामना झाला तेव्हा तोकुजी आणि मी कडेला उभे होतो. स्टेडियम खचाखच. कुवातानीने शेवटचा चेंडू टाकला, समोरच्या फलंदाजाने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि चुकला. मग टोपी काढून वाकून नमस्कार केला. तशी रीतच आहे. निरोप घेणाऱ्या पिचरच्या शेवटच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकायचं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. फुलं आली, बायका रडल्या, मीही रडले. तोकुजी म्हणाला, "चेंडू बरा होता का?"

"कुठला?"

"शेवटचा. त्याने टाकला तो. बरा होता का?"

"मला काय कळतंय. हवेतच गेला."

"त्यालाही कळणार नाही," तोकुजी म्हणाला. "एवढी वर्षं टाकले, आणि शेवटच्या चेंडूचं त्याला आता कुणी खरं सांगणार नाही." त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

ह्यानंतर पुढच्याच वर्षी इमाझेकी आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बंदरातला, कोळ्याचा मुलगा, दंड मुसळासारखे, सकाळी पाच वाट्या भात खायचा आणि बोलताना समोरच्याच्या तोंडावर भाताची शितं उडवायचा. नीट झोप झाली नाही तर दारं आपटायचा. पहिल्या वर्षी त्याला काही जमेना, घरी पाठवायची भाषा सुरू झाली. तोकुजीने रोज सगळ्यांचं झाल्यावर त्याला वेगळे चेंडू टाकले. तीन वर्षांनी इमाझेकी देशातला मोठा फलंदाज झाला. तरी रोज सकाळी तो तोकुजीसमोरच उभा राहायचा, दुसऱ्या कुणाचे चेंडू नको. आणि रोज भांडायचा.

"निशिगाकी-सान, आज काय, आजीबाई टाकतायत का?"

"तुला तेवढाच झेपतो म्हणून."

"जोरात टाका हो!"

"आधी काल रात्रीची साके उतरू दे."

असं सगळं चालू होतं. तोकुजीचे केस पांढरे झाले. एका शरदात त्याने सांगितलं की हा शेवटचा. खांदा उठत नव्हता, बेटावर आई थकली होती. मिठागरं केव्हाच बुजवली होती, तिथे भावाने संत्र्यांची बाग केली होती, त्याला हात हवा होता. हंगाम संपल्यानंतरच्या सरावाच्या अखेरच्या दिवशी सगळा संघ जमून त्याला निरोप देणार असं ठरलं. नव्या व्यवस्थापकाने स्वतःहून म्हटलं, निशिगाकीला पूर्वी निरोप मिळाला नाही, आता मिळू दे, शेवटचा चेंडू तो इमाझेकीला टाकेल. माणूस भला होता.

आदल्या दिवशी सकाळी तोकुजी स्वयंपाकघरात आला. मी ओट्यावर पर्सिमनची फळं सोलत होते. त्याने काखेतून आपली पँट काढून माझ्यापुढे ठेवली.

"मावशी, उजव्या गुडघ्याला दुहेरी कापड लावून द्याल?"

माझी सुरी थांबली.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "कंबर बघ स्वतःची. काल बूट घालताना भिंत धरलीस."

"एकच चेंडू."

"एका चेंडूत मोडशील."

"मोडू दे. नंतर संत्रीच तर तोडायची आहेत." मग तो हळू म्हणाला, "मला एकदा बघायचंय, अजून तो वर चढतो का. मी सोडला होता का त्याने मला सोडलं होतं, ते बघायचंय."

तेवढ्यात इमाझेकी वाटी घेऊन आत आला. त्याचं लग्न होऊन घर झालं होतं, तरी माझ्या हातचा भात खायला यायचा. तोकुजीने त्याला समोर बसवलं.

"उद्या मी खालून टाकणार. खरा. तू मारायचा."

इमाझेकीने खाणं थांबवलं. "शेवटच्या चेंडूला मारतात होय? लोक मला दगड मारतील. रीत आहे."

"रीत मोठ्या पिचरांसाठी. मी रोज तुला मारायला देतो, उद्याही मार."

"आणि चुकवला तर काय कराल?"

"मुद्दाम चुकलास तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

मी मध्येच विचारलं, "आणि तो खरंच चुकला तर?"

तोकुजीने हे धरलंच नव्हतं. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उगीच बोलले.

"मग मला कधीच कळणार नाही," तो म्हणाला. "खरा चुकला का रीत म्हणून चुकला, ते. तो शपथ घेऊन सांगेल, पण सांगणारच तो. कुवातानीच्या वेळीही सांगितलंच असेल कुणीतरी." तो इमाझेकीकडे वळला. "म्हणून तू मारायलाच हवंस. मारताना हाताला जे लागेल ते मला सांग. तेवढंच खरं."

इमाझेकी फस्सकन हसला. शितं ओट्यावर उडाली. "निशिगाकी-सान, तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांचे आहात. कंबर वाकत नाही. तुमचा चेंडू मी डोळे मिटून समुद्रात घालीन, तुम्ही पोहत आणायला जा." आणि सहावी वाटी मागितली.

मी ठिगळ लावलं. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण टाके बारीक घातले. कापड तेच, जुन्या गुंडाळीतलं.

निरोपाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, समुद्र खाली चमकत होता. संघाची पोरं, कचेरीतली माणसं, तोकुजीची बायको, दोघांच्या आधाराने बेटावरून आलेली त्याची म्हातारी आई, सगळे रांगेत उभे. नेहमीप्रमाणे त्याने सगळ्यांना एकेक चेंडू टाकला, वरून, सरळ. मग मैदानातल्या माणसांनी त्याच्यापुढची जाळीची चौकट उचलून बाजूला नेली. तिच्याशिवाय उंचवट्यावर उभा राहिलेला तोकुजी मी किती वर्षांनी पाहत होते. लहान दिसला. कॅचर बसला. इमाझेकी आला, बॅट खांद्याला लावली. चेहरा सामन्यातला, हसू नाही.

तोकुजीने पाय उचलला.

मी स्वतःशी म्हणाले, खाली जाणार नाही हा. एवढ्या वर्षांनी अंग ऐकत नाही. पण तो गेला. पुढे, अजून पुढे, म्हातारा देह असा उलगडत गेला की जणू मधली वर्षं कुणी घडी घालून ठेवून दिली होती. गुडघा मातीला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. हात जमिनीलगत आला आणि चेंडू गवतातून उठला. फार वेगाने नाही. पण उठला, आणि चढत गेला, चढतच गेला. त्याची आई माझ्याशेजारी होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

इमाझेकीने बॅट फिरवली. वारा कापल्याचा आवाज झाला. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात.

मग टाळ्या सुरू झाल्या, मोठ्या, मनापासून. काय सुंदर चुकला, असं कचेरीतलं कुणीतरी म्हणालं. व्यवस्थापक फुलांचा गुच्छ घेऊन पुढे निघाला. तोकुजी एका हाताने गुडघा धरून उठत होता. त्याने टोपी काढली आणि हसला. ते हसू मी ओळखत होते. पोरं हसायची तेव्हा माफी मागताना तो असाच हसायचा. त्याला कळलं नव्हतं. आता कळणारही नव्हतं.

"थांबा!"

इमाझेकी जागचा हलला नव्हता. नमस्कार केला नव्हता, टोपी काढली नव्हती. कान लालबुंद.

"ती फुलं मागे न्या! हे काय चाललंय? अजून एक टाका!"

"इमाझेकी," व्यवस्थापक हळूच म्हणाला, "झालं रे. नमस्कार कर आता."

"नमस्कार कसला! मी काय नमस्कार करायला आलोय?" त्याने बॅट जमिनीवर आपटली. "तो चेंडू वर गेला! मी त्याच्यावरच मारला होता, तो तिथून निघून गेला! निशिगाकी-सान, पळून जाऊ नका. परत टाका. असा मी सोडणार नाही तुम्हाला!"

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण इमाझेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संतापाचं. मोठ्या सामन्यात चुकल्यावर यायचं तसलं. रीत म्हणून चुकलेला माणूस असा थयथयाट करत नाही. तोकुजी टोपी हातात धरून त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते माफीचं हसू निघून गेलं. तिथे दुसरं काहीतरी आलं. अठरा वर्षांचा तो दारात मीठ घेऊन उभा होता, तेव्हाचं.

"काल समुद्रात घालणार होतास," तो म्हणाला.

"बोलू नका. टाका."

"माझी कंबर वाकत नाही म्हणे."

"टाका म्हणतो ना!"

व्यवस्थापक फुलं घेऊन तसाच मागे मागे गेला. तोकुजीने पुन्हा पाय उचलला. दुसरा चेंडू इमाझेकीच्या बॅटला खालून लागला, सरळ वर उडाला आणि मागच्या जाळीत अडकला. इमाझेकीने अशी शिवी दिली की त्याच्या गावच्या कोळ्यांनाही लाज वाटली असती, तीही तोकुजीच्या आईसमोर. आई खूश होऊन हसली. आता टाळ्या नव्हत्या. सगळी पोरं जाळीला चिकटून बघत होती. ज्याचे चेंडू ती रोज मारत आली होती, त्याला त्यातल्या कितीकांनी आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या चेंडूला तोकुजी सगळ्यांत खाली गेला. तो इमाझेकीला सापडला. आवाजावरूनच कळलं. चेंडू तोकुजीच्या डोक्यावरून गेला, मैदानावरून गेला, पाइनच्या झाडांवरून समुद्राच्या बाजूला.

सरावाचा पिचर कधी मागे वळून बघत नाही. त्याला वेळच नसतो, लगेच पुढचा चेंडू उचलायचा असतो. एवढ्या वर्षांत तोकुजीने असे हजारो चेंडू दिले असतील आणि एकही जाताना पाहिला नव्हता. त्या दिवशी तो एक गुडघा मातीत टेकलेला तसाच मागे वळला आणि बघत राहिला, चेंडू दिसेनासा होईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ.

मग इमाझेकीने टोपी काढली.

दुपारी जेवायला सगळे वसतिगृहात आले. मी सणाला करतात तसा लाल घेवड्याचा भात केला होता, आणि भाजलेला बांगडा. इमाझेकी कोपऱ्यात तोंड फुगवून बसला होता. चॉपस्टिक हवेत धरून शेजारच्याला दाखवत होता.

"इथे होता. इथे. मी मारला इथे. आणि तो इथे गेला. तूच सांग, असं कसं होईल?"

"गप्प जेव," तोकुजी म्हणाला. "पहिला बरा होता का?"

"बरा?" इमाझेकी ओरडला. "दोन दिवस झोप लागणार नाही मला! बरा म्हणे!"

तोकुजीने मान डोलवली आणि भात तोंडात घातला. तो बसला होता तिथे मी सूप घेऊन गेले तेव्हा त्याने कुणाला दिसणार नाही असा उजवा पाय माझ्याकडे केला. दुहेरी कापड फाटून आतून गुडघा दिसत होता, माती आणि रक्त एक झालेलं, वाटीएवढं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"खूप," तो म्हणाला, आणि रिकामी वाटी पुढे केली.